फिनलंडमध्ये नवीन आलात? भाषा, माणसं आणि युद्धाचा इतिहास एकत्रच शिका

उन्हाळा संपत आला की एस्पो-हेलसिंकीकडे नवीन मराठी मंडळी यायला लागतात, कुणी आयटीतल्या नोकरीवर, कुणी मास्टर्सला, कुणी नवऱ्याबरोबर नाहीतर बायकोबरोबर, आणि पहिल्या महिन्यातच प्रश्न येतो की फिनिश खरंच शिकायला पाहिजे का, इथे तर सगळेच इंग्लिश बोलतात. माझं उत्तर दर वेळी तेच. हो, शिका, आणि नुसती भाषा शिकू नका. क्लासमध्ये भाषा, म्युझियममध्ये इतिहास, सौनामध्ये कल्चर असे तीन वेगळे कप्पे केलेत की तिन्ही अर्धवट राहतात, कारण इथल्या घरातल्या गोष्टींत, ताटातल्या खाण्यात, सणावारात १९३९ ते १९४५ ची ती वर्षं अजून मुरलेली आहेत आणि ती आपणहून इंग्लिशमध्ये कुणी उलगडून सांगायला येत नाही. मी सात वर्षं एस्पोत राहतेय. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला लवकर कळावं म्हणून हा क्रम लिहितेय.

पायरी १ : आधी कान, मग वही

पहिले दोन आठवडे व्याकरणाला हात लावू नका, फक्त ऐका आणि मोठ्याने वाचा. फिनिश जशी लिहितात तशीच उच्चारतात, आणि जोर कायम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, त्यामुळे वाचायला ती इंग्लिशपेक्षा कितीतरी सरळ आहे. आपल्याला इथे एक आयता फायदा मिळतो, तो म्हणजे आपला त, क, प. इंग्लिश बोलणारे हे उच्चारताना नकळत हवा सोडतात, थ-ख-फ च्या जवळ जातात, आपण जात नाही, आणि फिनिशलाही तसंच कोरडं त-क-प लागतं.

खरी मेहनत आहे ती लांबीवर. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे कस्टम. मराठीत शिका आणि शिक्का वेगळे आहेत हे आपला कान झटकन पकडतो, पण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण फारसं पाळत नाही, आणि इथे ते पाळायलाच लागतं. "तापाऽन सिनुत" म्हणजे मी तुला भेटतो, आणि तोच स्वर आखूड करून "तापान सिनुत" म्हटलं तर मी तुला ठार मारतो! (लांब स्वर मी ऽ लावून दाखवतेय.) रोज दहा मिनिटं अशा जोड्या आरशासमोर म्हणा, लाजू नका.

स्वरांमध्ये दोन टिंबांचा आ म्हणजे आपल्या बॅटमधला ॲ. दोन टिंबांचा ओ म्हणजे तोंड ओ चं करून ए म्हणायचं, आणि वाय म्हणजे तोंड उ चं करून ई म्हणायची. हे आठवड्याभरात जमतं. मग एक नियम आपोआप लक्षात येतो की एका शब्दात आ-ओ-उ ची टोळी असते नाहीतर ॲ ची टोळी असते, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. म्हणून "तालोस्सा" म्हणजे घरात, पण "मेत्सॅस्सॅ" म्हणजे जंगलात, प्रत्यय तोच, फक्त स्वर शब्दाप्रमाणे बदलला.

पायरी २ : पंधरा विभक्त्या ऐकून घाबरू नका

फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत हे ऐकूनच बरेच जण क्लास सोडतात. इंग्लिशमधून शिकलात तर भीती वाटणारच, कारण इंग्लिशला प्रत्यय लावायची सवय नाही, पण आपल्याला लहानपणापासून आहे. वहीत इंग्लिश अर्थ लिहू नका, मराठी लिहा, एवढा एक सल्ला ऐकलात तरी सहा महिने वाचतील.

घर, घरात, घरातून. तालो, तालोस्सा, तालोस्ता. प्रत्यय शब्दाला चिकटतो, मध्ये काही नाही. त्यात पुढे शब्दाचं अंगही बदलतं, आपल्या सामान्यरूपासारखं. आपण रस्तावर म्हणत नाही, रस्त्यावर म्हणतो, पाणीत म्हणत नाही, पाण्यात म्हणतो. तसंच कातु म्हणजे रस्ता आणि कादुल्ला म्हणजे रस्त्यावर, काउप्पा म्हणजे दुकान आणि काउपास्सा म्हणजे दुकानात, आणि हेलसिंकीत म्हणायचं तर हेल्सिंगिस्सॅ. इंग्लिशवाल्याला हे सगळे अपवाद वाटतात, आपण मात्र रोज हेच करतो.

अजून बघा. फिनिशमध्ये "माझ्याजवळ असणे" याला वेगळं क्रियापद नाही, ते म्हणतात "मिनुल्ला ओन किर्या", शब्दाला शब्द लावला तर "माझ्याकडे आहे पुस्तक". नकार बघा, मी नाही, तू नाहीस, ते नाहीत, नाही हा शब्दच माणसाप्रमाणे बदलतो, आणि फिनिशमध्येही एन, एत, एइ, एइवॅत असा नकारच बदलत जातो. प्रश्न करायला आपण शेवटी "का" लावतो, आहे का, ते क्रियापदालाच "को" चिकटवतात, ओन्को. भविष्यकाळ त्यांच्याकडे वेगळा नाहीच, आपण "उद्या जातो" म्हणतो तसंच ते कायम म्हणतात. आता हे सगळं नात्यामुळे आहे असं नाही, फिनिश आपल्या भाषाकुळातली नाहीच, ती एस्टोनियन आणि लांबून हंगेरियनची बहीण, को आणि का हा निव्वळ योगायोग आहे. पण हजारो वर्षांपूर्वी या कुळातले लोक आणि इंडो-इराणी बोलणारे लोक एकमेकांच्या शेजारी राहिले होते, आणि त्याची खूण शब्दांत शिल्लक आहे. शंभरला फिनिशमध्ये "साता" म्हणतात, तेच आपलं शत. हातोड्याला "वासारा" म्हणतात, आणि ते आपल्या वज्राच्या कुळातलं आहे. हे कळलं त्या दिवशी मला ही भाषा परकी वाटायची थांबली.

जिथे मराठी पुरत नाही ती जागाही सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. आपला "त" दोन्ही कामं करतो, घरात आहे आणि घरात गेला. फिनिशमध्ये घरात असणं तालोस्सा, पण घरात जाणं तालोऽन, दोन वेगळे प्रत्यय. एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

पायरी ३ : पुस्तकातली फिनिश आणि ट्रॅममधली फिनिश

तीन महिन्यांनी तुम्हाला वाटेल की क्लासमध्ये शिकलो ते बाहेर कुणी बोलतच नाही. खरंय ते. पुस्तकी भाषेला किर्याकिएलि म्हणतात, बोलीला पुहेकिएलि. "मिनॅ ओलेन" म्हणजे मी आहे, ते बोलताना "मॅ ओऽन" होतं. आपण नाही का, करत आहे असं लिहितो आणि करतोय म्हणतो, केलेलं आहे चं केलंय होतं, तसंच. तो आणि ती दोघांना एकच शब्द आहे, हॅन, आणि बोलताना माणसालाही सरसकट "से" म्हणजे ते म्हणतात, त्यात अपमान नाही. अहो-जाहो जवळजवळ नाहीच, बॉसलाही अरेतुरे, आपल्याला ते तोंडातून निघत नाही सुरुवातीला. खूप म्हाताऱ्या माणसांशी, त्यातून युद्धातल्या सैनिकांशी बोलायची वेळ आली तर मात्र फिनिशमधला "ते" हा शब्द, म्हणजे तुम्ही, वापरावा, त्यांना ते आवडतं.

सरावासाठी फुकट गोष्टी भरपूर आहेत. सरकारी यूले चॅनेलवर सेल्कोसुओमि म्हणजे सोप्या फिनिशमधल्या बातम्या असतात, हळू वाचतात, खाली मजकूर असतो, रोज एक ऐका. लायब्ररीत किएलिकाह्विला असतात, भाषेचा कॅफे म्हणा ना, तिथे फिनिश लोक खास आपल्याशी बोलायला येऊन बसतात. नागरिकत्वासाठी पुढे युकी या भाषेच्या परीक्षेची तिसरी लेव्हल लागते, पण सुरुवातीलाच परीक्षेचा विचार नको.

पायरी ४ : चर्चच्या आवारात जाऊन पहिला धडा वाचा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

तुम्ही जिथे राहताय तिथलं जुनं चर्च शोधा. जवळपास प्रत्येक चर्चच्या आवारात एक सांकारिहाउता असते, सांकारि म्हणजे वीर, हाउता म्हणजे कबर. युद्धात मारला गेलेला सैनिक शक्य असेल तिथून त्याच्या गावी परत आणायचा आणि गावच्या चर्चशेजारी पुरायचा, ही फिनलंडने त्या युद्धात पाळलेली रीत होती, म्हणून ही माणसं एका मोठ्या लष्करी दफनभूमीत नाहीत, गावोगावी आहेत. १९३९ ते १९४५ मधली तिन्ही युद्धं मिळून नव्वद हजारांहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती ३७ लाखांच्या आसपास.

मी पहिल्यांदा गेले ती मार्चमध्ये, एस्पोच्या जुन्या दगडी चर्चला. ओळीने बसके दगड, सगळे सारखे, बर्फ अर्धवट वितळलेला. हातमोजा काढून एका दगडावरचा बर्फ बाजूला केला तर अक्षरं दिसली, आधी हुद्दा आखूड करून लिहिलेला, "सोतम." म्हणजे सोतामिएस, सोता म्हणजे युद्ध आणि मिएस म्हणजे माणूस, साधा शिपाई. मग नाव. मग एक एस आणि तारीख, स्युन्त्युन्युत म्हणजे जन्म. मग एक के आणि तारीख. मी हिशोब केला, वीस वर्षं. शेजारचा दगड, बावीस. पुढचा, एकोणीस. मी तिथे अर्धा तास उभी होते, आणि त्या अर्ध्या तासात तारखा, महिने, हुद्दे असं जे फिनिश शिकले ते अजून विसरले नाहीये.

त्या "के" चा अर्थ कुओल्लुत म्हणजे मेला असाही असतो, पण सैनिकाच्या बाबतीत तो बहुतेकदा काऽतुनुत, म्हणजे पडलेला. काऽतुआ म्हणजे पडणे, कलंडणे. झाड पडलं तरी काऽतुइ, पेल्यातलं दूध सांडलं तरी "माइतो काऽतुइ", आणि तरुण पोरगा सीमेवर गेला तरी काऽतुइ. आपण धारातीर्थी पडले म्हणतो, रणात पडला म्हणतो, तोच शब्द, तीच हालचाल. क्लासमध्ये हे क्रियापद आम्ही दूध सांडण्यासाठी शिकलो होतो.

त्याच आवारात अजून एक दगड शोधा, पुष्कळ ठिकाणी असतो, कार्यालाऽन यॅऽनेएत असं काहीसं लिहिलेला. कार्याला म्हणजे कारेलिया, पूर्वेकडचा तो भाग जो युद्धानंतर सोव्हिएत रशियाकडे गेला. वाक्याचा अर्थ कारेलियात राहिलेले, म्हणजे ज्यांच्या कबरी तिकडेच राहिल्या ते. आता प्रत्यय बघा. मागे सांगितलं ना, असणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. इथे राहणे या क्रियापदाला आत जाण्याचा प्रत्यय लागतो, कार्यालास्सा नाही, कार्यालाऽन. फिनिश भाषेच्या हिशोबाने मागे राहून जाणं ही एक जाण्याचीच क्रिया आहे. मला हा नियम पुस्तकात पाठ होत नव्हता, त्या दगडासमोर झाला.

पायरी ५ : इतिहास कुठल्या क्रमाने वाचायचा

"दुसरं महायुद्ध" असा एकच गठ्ठा करून वाचू नका, फिनिश माणूस तसं बोलत नाही. तो तीन नावं घेतो, ताल्विसोता म्हणजे हिवाळी युद्ध, यात्कोसोता म्हणजे पुढे चालू राहिलेलं युद्ध, आणि लापिन सोता म्हणजे लॅपलंडचं युद्ध. पण त्याच्याही आधी १९१८ वाचा.

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनकडे, मग रशियाच्या झारकडे, आणि ६ डिसेंबर १९१७ ला स्वतंत्र. स्वतंत्र होऊन दोन महिने होत नाहीत तोच आपापसात युद्ध पेटलं, एकीकडे कामगार-कुळांचे लाल, दुसरीकडे सेनापती मानरहाइमच्या हाताखालचे पांढरे. ३६ हजारांवर माणसं गेली, त्यातली बारा हजारांहून जास्त तर लढाई संपल्यावर लाल कैद्यांच्या छावण्यांत, भुकेने आणि रोगाने. या युद्धाला कोण काय म्हणतो त्यावरून घराणं कळायचं, पांढऱ्यांचं वापाउससोता म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध, लालांचं लुओक्कासोता म्हणजे वर्गयुद्ध, आणि आज शाळेत शिकवतात ते सिसॅल्लिससोता, अंतर्गत युद्ध. कुणाच्या घरी जेवायला गेलात तर हा शेवटचा शब्द वापरा. २१ वर्षांपूर्वी एकमेकांना गोळ्या घालणारे लोक १९३९ मध्ये एका खंदकात उभे राहिले, ही गोष्ट फिनिश लोकांना का एवढी मोठी वाटते ते १९१८ वाचल्याशिवाय कळतच नाही.

आता ताल्विसोता. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला, त्याच्या गुप्त भागात फिनलंड रशियाच्या वाट्याला टाकलेला. लेनिनग्राडपासून सीमा साधारण ३२ किलोमीटरवर, ती मागे सरकवा अशी मागणी, फिनलंडने ती नाकारली, आणि ३० नोव्हेंबर १९३९ ला हल्ला झाला, पहिल्याच दिवशी हेलसिंकीवर बाँब पडले. युद्ध १०५ दिवस चाललं. उणे चाळीसपर्यंत गेलेली थंडी, बर्फावर पांढऱ्या कपड्यांत स्कीवरून फिरणारे फिनिश सैनिक, आणि अरुंद जंगली रस्त्यावर लांबच लांब अडकलेल्या रशियन तुकड्या, ज्यांचे ते तुकडे पाडून एकेक घेरायचे. त्या घेरलेल्या तुकड्याला मोत्ति म्हणायचे, मूळ अर्थ रचून ठेवलेल्या जळाऊ लाकडाचं माप. जंगलात लाकूड तोडणाऱ्या माणसांनी युद्धाला आपल्या कामाचे शब्द दिले. पेट्रोलच्या बाटलीला मोलोतोव कॉकटेल हे नावही फिनिश लोकांनीच दिलं, कारण रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव म्हणत होता आमची विमानं बाँब नाही, पाव टाकतायत, तर त्या पावाबरोबर हे पेय घ्या.

१२ मार्च १९४० ला तह झाला आणि १३ मार्चला लढाई थांबली. फिनलंडचे २५ हजारांवर सैनिक गेले होते, रशियाचे सव्वा लाखाच्या आसपास, देश वाचला होता, पण देशाचा साधारण दहावा हिस्सा गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं घर सोडून पश्चिमेला आली. त्यांना एवाक्को म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा.

यात्कोसोता जून १९४१ ते सप्टेंबर १९४४. इथे वाचताना घाई करू नका. या वेळी फिनलंड जर्मनीच्या बरोबरीने लढला, गेलेला भाग परत घेतला आणि जुन्या सीमेच्या पुढे जाऊन पूर्व कारेलियाही व्यापला, तिथल्या छावण्यांत चार हजारांहून जास्त सोव्हिएत नागरिक मेले. फिनिश ज्यू सैनिक याच फौजेत लढत होते, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये याच देशाने आठ ज्यू निर्वासित गेस्टापोच्या हवाली केले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि फिनिश लोक आता यावर मोकळेपणाने लिहितात, तेव्हा आपणही फक्त शौर्याचा भाग वाचून थांबू नये असं मला मनापासून वाटतं. १९४४ च्या तहात जर्मन फौजेला देशाबाहेर काढायची अट होती, त्यातून लापिन सोता झालं आणि जर्मनांनी जाता जाता रोवानिएमी शहर जाळलं. सांताक्लॉजला भेटायला तिथे जाल तेव्हा सगळं नवीन का दिसतं त्याचं कारण हे.

एस्पोकरांसाठी एक. हेलसिंकीच्या पश्चिमेचं पोर्क्काला १९४४ मध्ये रशियाला नौदलाच्या तळासाठी द्यावं लागलं, ते परत मिळालं जानेवारी १९५६ मध्ये. त्या काळात तुर्कूची ट्रेन तिथून जाताना खिडक्या बाहेरून झाकून टाकायचे. आज किर्क्कोनुम्मीच्या लोकलमध्ये बसून आपण तिथे ऑफिसला जातो-येतो.

इतिहास आणि भाषा दोन्ही एकदम शिकायचा माझा आवडता मार्ग म्हणजे एसए-कुवा, फिनिश लष्कराचे युद्धकाळातले फोटो, जवळजवळ एक लाख साठ हजार, २०१३ पासून सगळ्यांना नेटवर खुले. शोधताना फिनिश शब्द टाका, एवाक्को, लोत्ता म्हणजे युद्धात स्वयंपाक, शुश्रूषा, टेहळणी करणाऱ्या बायका, कोर्सु म्हणजे जमिनीखालचा खंदकातला निवारा. प्रत्येक फोटोखाली एक-दोन ओळी असतात, तेवढ्याच रोज भाषांतर करायच्या, मराठीत.

पायरी ६ : ताट आणि सौना

माझ्या शेजारी एक आजी राहतात. मी त्यांना मनात आजी म्हणते, तोंडाने इथल्या पद्धतीने नावानेच हाक मारते. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा कार्यालानपीराक्का बनवायला शिकले. राईच्या पिठाची गोल पारी, फुलक्याहून पातळ, बारक्या लाटण्याने लाटलेली, त्यात मध्ये तांदळाची घट्ट खीर, बिनसाखरेची, आणि मग दोन्ही बाजूंनी कडा आत घेऊन बोटांनी चुण्या पाडत जायच्या. मी करंजीला मुरड घालते तशी घालायला लागले तर त्या थांबून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की हे कुणी शिकवलं. आई, म्हटलं. त्या म्हणाल्या, मलाही. मग सांगायला लागल्या की त्यांची आई सोर्तावालाकडची, लाडोगा सरोवराच्या काठची, १९४० मध्ये निघाली, युद्धात परत गेली, आणि १९४४ मध्ये पुन्हा निघाली ती कायमची. हा पदार्थ आज फिनलंडच्या प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतो, उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून वर लावून खातात, त्याला मुनावोइ म्हणतात, पण आधी तो मुख्यतः पूर्वेकडचा होता, देशभर पोचला तो एवाक्को बायकांच्या हातांनी.

म्हणून सांगते, फिनिश माणसाशी युद्धाबद्दल बोलायचं असेल तर सुरुवात "तुम्ही हिटलरबरोबर होतात ना" अशी करू नका आणि सिमो हॅय्हॅ या हिवाळी युद्धातल्या नेमबाजाने किती माणसं मारली तिथूनही करू नका. आजीचं गाव कुठलं ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, मध्ये शांतता असेल, ती शांतता भरून काढू नका. इथे गप्प बसणं म्हणजे राग किंवा कंटाळा नाही, समोरचा विचार करतोय एवढंच.

सौनाचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, तो मान असतो. छप्पन लाखांच्या आसपासचा देश आहे हा, आणि सौना तीस लाखांच्या घरात. आधी अंघोळ करायची, बसायला छोटा टॉवेल न्यायचा, घरच्यांखेरीज बायका आणि पुरुष वेगवेगळे जातात, कपडे साधारणपणे नसतात, पण तुम्हाला अवघड वाटत असेल तर तसं सांगून टाका, कुणी काही म्हणत नाही. गरम झालं की खुशाल उठून बाहेर या, इथे कुणाशी स्पर्धा नाही. तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर जी वाफ येते तिला लोयल्यु म्हणतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण असा होता. आघाडीवरच्या सैनिकांनी खंदकांशेजारी सौना बांधले होते, एसए-कुवामध्ये त्यांचे फोटो आहेत.

पायरी ७ : बघायला कुठे जायचं

म्युझियम कार्ड घ्या, वर्षभर देशातल्या शेकडो म्युझियमना चालतं. हेलसिंकीत सुओमेनलिन्ना बेटावर लष्करी म्युझियम आहे, तिकडे बोटीने जायचं. तुसुलाला लोत्ता म्युझियम आहे, ते चुकवू नका, बायकांचं युद्ध तिथे कळतं. मिक्केलीत मानरहाइमचं मुख्यालय होतं, तिथे आता मुइस्ती नावाचं केंद्र आहे. लांब जायची तयारी असेल तर सुओमुस्साल्मीचा राते रस्ता, तिथे मोकळ्या माळावर हजारो दगड आणि मधल्या स्मारकावर १०५ छोट्या घंटा, दिवसाला एक, वारा आला की वाजतात.

आणि मराठी माणसाने हेलसिंकीतल्या ऑलिंपिक स्टेडियमला जायलाच पाहिजे. ते १९३८ मध्ये बांधून झालं, १९४० चं ऑलिंपिक तिथे व्हायचं होतं, युद्धामुळे झालं नाही. झालं ते १९५२ मध्ये. फिनलंडने युद्धाची नुकसानभरपाई म्हणून रशियाला जहाजं, मशिनरी असा माल वर्षानुवर्षं पाठवला, त्याचे शेवटचे हप्तेही त्याच १९५२ मध्ये फिटले. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, स्टेडियमपासून चालत जाता येईल अशा मेस्सुहाल्ली नावाच्या हॉलमध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्यांना पाठवायला लोकांनी पैसे गोळा केले होते. तो हॉल अजून आहे, आता त्याला किसाहाल्ली म्हणतात, आत लोक बॅडमिंटन खेळत असतात.

पायरी ८ : तीन दिवस चुकवू नका

२७ एप्रिलला सैनिकांचा दिवस असतो, आता ते फार थोडे उरलेत, शंभरीच्या आसपासचे. ६ डिसेंबरला स्वातंत्र्यदिन, संध्याकाळी सहाला खिडकीत दोन मेणबत्त्या लावायच्या, तुम्हीही लावा, आणि टीव्हीवर दर वर्षी लागणारा युद्धावरचा १९५५ चा जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा सबटायटल लावून बघा, त्यात प्रत्येक शिपाई आपापल्या गावची बोली बोलतो.

आणि तिसरा, २४ डिसेंबर. त्या संध्याकाळी अंधार पडला की सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जातं. वीरांच्या प्रत्येक दगडापुढे एक ज्योत असते, बर्फावर उजेड पसरलेला असतो, शेकडो माणसं आणि आवाज नाही. तुम्हाला वाटेल आपलं इथे कोण आहे. त्या आवारात मुउआल्ले हाउदात्तुत अशी पाटी असलेली एक जागा असते, मुउआल्ले म्हणजे दुसरीकडे, परत तोच जाण्याचा प्रत्यय, दुसरीकडे पुरलेल्यांसाठीची जागा. तिथे कुणीही, कुणासाठीही मेणबत्ती लावू शकतं, कुणी विचारत नाही. मी दर वर्षी माझ्या आजोबांसाठी लावते, ते वाईला वारले, मला तेव्हा जाता आलं नव्हतं. हाउताक्युन्तिलॅ या नावाने मेणबत्ती कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, झाकणवाली घ्या, आणि लांब काड्यांची काडीपेटी घरून न्या, थंडीत लायटर पेटत नाही.